नामदार गोखल्यांची वही

(पुण्यतिथीनिमित्त १९ फेब्रुवारीला झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, या भाषणाला मी आधी नाहीच म्हणालो होतो. माझी हयात सहकारी बँकांच्या खतावण्या तपासण्यात गेली. गोखल्यांवर बोलायला एखादा प्राध्यापक बोलवा, असे मी सुचवले. तुमचे सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच तुम्ही या." तेव्हा मी एका हिशेबनिसाने दुसऱ्याची वही तपासावी तसे बोलणार आहे. फोटोला हार घालून झालाच आहे.

२६ मार्च १९०२. कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालू आहे. खुर्चीवर व्हाइसरॉय कर्झन. सरकारला सात कोटींची शिल्लक पडली आहे, एवढी यापूर्वी कधी पडली नव्हती. जो उठतो तो अर्थसचिवांचे अभिनंदन करतो. मग पस्तीस वर्षांचे गोखले उठतात आणि सांगतात की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही.

का? इथे जरा थांबू, कारण खरी कारागिरी इथे आहे. चांदीचा भाव घसरत होता, तसा रुपयाही घसरत होता. लंडनला पाठवायची रक्कम मात्र पौंडांत ठरलेली: गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, तिथल्या कचेरीचा खर्च. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये मोजावे लागत. ही तूट भरायला सरकारने कर वाढवले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३ साली टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या, म्हणजे कोणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात; त्यामुळे रुपया चढून सोळा पेन्सांवर स्थिरावला आणि लंडनचा बोजा हलका झाला. कर मात्र जिथल्या तिथे! म्हणजे आजार बरा झाला, तरी औषधाचे बिल चालूच. वर मधल्या काळात दोन मोठे दुष्काळ पडून गेलेले. गोखल्यांचा मुद्दा असा, की ही शिल्लक रयतेच्या भरभराटीची नाही, गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या कराची आहे.

आमच्या भाषेत सांगतो. नफा दिसला की चांगला तपासनीस आधी विचारतो, हा आला कुठून?

मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांचे, असे मी म्हणणार नाही. पण दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडणारा माणूस समोर बसलेला असला, की सरकारलाही ते जाणवत असणारच. या आकड्यांमागे आणखी एक माणूस होता, त्याचे नाव आपण विसरतो: सोलापूरचे शाळामास्तर गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी अहवाल वाचून त्यातून आकडे वेचून काढणे हा त्यांचा छंद. गोखल्यांच्या कितीतरी मांडणीला त्यांची मदत होती. अशा मास्तरांचे पुतळे होत नाहीत.

आता वहीतले डागाळलेले पान. १८९७. गोखले विलायतेत हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेलेले, इकडे पुण्यात प्लेग आणि घरोघर गोरे सोल्जर. मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांचे आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तो त्यांना देता येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्याने त्यांना भेकड ठरवले. सोल्जरांनी जुलूम केलाच नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण हातात व्हाउचर नव्हते आणि नोंद त्यांच्या सहीची होती. सही करणाऱ्यालाच ती रद्द करावी लागते. हे काम किती जड असते, ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी फार उधारी ठेवली. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले, तेही किती जपून! सहा ते दहा वर्षांची मुले, आणि सक्ती फक्त ज्या नगरपालिका किंवा लोकल बोर्ड स्वतःहून मागतील तिथेच. मुलींना सुरुवातीला वगळलेले. हे मला आजही खटकते. तिकडे बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून सबंध राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, आणि कलकत्त्यात मात्र हे जमणार नाही म्हणून सांगितले जात होते. मार्च १९१२ मध्ये बिल पडले. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस, आणि विरोधात आपलेही काही बडे लोक.

त्या बिलातले एक कलम सांगतो आणि थांबतो. ज्या पालकाची कमाई महिन्याला दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाची फी घ्यायची नाही. हे वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. वडील गेले तेव्हा गोखले तेरा वर्षांचे होते. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले. त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणाला देत. त्यांच्या घरखर्चाला उरत सात.