शिकेकाईचं कुंपण

व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेलगत आ लुओई नावाचं खोरं आहे. तिथे आ सो इथल्या एका माळाभोवती बो केटची झाडं लावली गेली. खोडापासूनच लांबलचक काटे. शेंगा उकळून बायका केस धुतात; आपली शिकेकाईच म्हणा ना. पण हे कुंपण शेंगांसाठी नव्हतं. वनतज्ज्ञ फुंग तू बोई यांची ती युक्ती होती, गुरं आणि पोरं आत शिरू नयेत म्हणून.

आत अमेरिकी सैन्याचा सोडून दिलेला तळ होता, आणि मातीत डायॉक्सिन नावाचं विष.

व्हिएतनाम युद्धात, १९६२ ते १९७१ या काळात, अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामवर ७ कोटी लिटरहून जास्त तणनाशकं ओतली. शत्रूला लपायला झाडी उरू नये आणि खायला भात. सगळ्यात जास्त मारलं ते एजंट ऑरेंज. पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून हे नाव. त्यातलं निम्मं टू-फोर-डी. उसात तण मारायला आपले शेतकरी आजही वापरतात, तेच. उरलेलं निम्मं टू-फोर-फाइव्ह-टी, हेही तणनाशकच. ते बनवताना तापमान हाताबाहेर गेलं की डायॉक्सिन जास्त तयार होतं. माल घाईने हवा होता.

या फवाऱ्याने हो ची मिन्ह शहराजवळच्या कॅन जिओचं कांदळवन मेलं. १९७८ पासून लोकांनी चिखलात उतरून एकेक रोप लावत ते परत उभं केलं.

चिखलातलं विष मात्र असं निघत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. तळ्याच्या गाळातून माशात, बदकात, तिथून ताटात, आणि आईच्या दुधातून बाळात. हो ची मिन्ह शहरातल्या तू दू रुग्णालयात व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी वेगळा विभागच आहे.

अमेरिका व्हिएतनाममध्ये लढलेल्या आपल्या माजी सैनिकांच्या मुलांना पाठीच्या कण्यातल्या जन्मजात दोषासाठी भत्ता देते. व्हिएतनामी पीडितांनी ही तणनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांवर केलेला दावा न्यू यॉर्कच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. विमान एकच, फवारा एकच, हिशेब दोन.

तणनाशकांचा साठा जिथे असायचा त्या दा नांग विमानतळावरची विषारी माती खणून, बंदिस्त ढिगात रचून, ३०० अंशांच्या वर भाजून काढली. ते काम २०१८ मध्ये संपलं. बिएन होआ या दुसऱ्या हवाई तळावर २०१९ मध्ये सुरुवात झाली. तिथला ढीग कितीतरी मोठा आहे.