पालथं वळवताना

हा एक्स-रे पाहा. हवेने भरलेली फुप्फुसं काळी दिसायला हवीत; इथे दोन्ही बाजू पांढऱ्या पडल्यात. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, मोठा अपघात, कारण काहीही असो, वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, पाणी साचलंय आणि ऑक्सिजन कितीही वाढवला तरी रक्तात पोचत नाही. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात.

सिस्टर टेपने उंची मोजताहेत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत, म्हणून व्हेंटिलेटरचा श्वास उंचीवरून ठरतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला एका श्वासाला साधारण २६० मिलिलिटर, बस्स. जास्त दाबून भरलं तर उरलेलं चांगलं फुप्फुसही फाटतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मोठा श्वास दिलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के दगावले, लहान श्वास दिलेल्यांपैकी ३१ टक्के. एवढा फरक या टेपने पडतो.

आता खाटेभोवती पाच जण जमलेत. पोट रिकामं केलंय. डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवल्यात. छातीवरचे ईसीजीचे पॅच काढलेत, ते पाठीवर लागतील. वरची आणि खालची चादर कडेला एकत्र गुंडाळली जातेय. डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचा हात श्वासनळीतल्या नळीवरून हलत नाही, आणि आकडे तेच मोजतात. एक, खाटेच्या कडेला. दोन, कुशीवर. तीन, पालथं. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, मान एका बाजूला. दर दोन तासांनी ती बाजू बदलायची, नाहीतर गालाला जखम होते.

फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं असताना हृदयाचा आणि सुजलेल्या फुप्फुसाचा भार त्याच भागावर पडतो. पालथं केलं की तो उघडतो. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत गंभीर रुग्णांना दर खेपेला सलग किमान १६ तास असं ठेवलं. २८ दिवसांत १६ टक्के मृत्यू; उताण्या गटात जवळपास ३३. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. तरी पुढे ५० देशांच्या पाहणीत अतिगंभीर रुग्णांपैकी जेमतेम १६ टक्क्यांना पालथं केलेलं आढळलं. शिकलेले पाच जण रात्रपाळीलाही हजर असायला हवेत, खरी अडचण तिथेच आहे.

वय, आधीचे आजार, खालावलेली प्रतिकारशक्ती यांवर आयसीयूत कुणाचा इलाज चालत नाही. मूत्रपिंडं आणि रक्तदाबही ढासळले तर धोका फार वाढतो. बरेच रुग्ण ऑक्सिजनअभावी नाही, एकेक अवयव बंद पडत गेल्याने जातात. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या स्नायूंत वर्षभरानंतरही ताकद आलेली नसते, म्हणून फिजिओथेरपी नळी असतानाच सुरू झालीय.