आधी ट्यूबलाइट बंद करा

(दृश्य : तिन्हीसांजेचा ऊस)

बेळगावजवळच्या काकतीचा हा ऊस. पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर गेलेला. दोन सऱ्यांमध्ये चार-साडेचार फुटांचं अंतर आहे, पण पाला एकमेकांत असा गुंतलाय की आत पाच पावलं गेलं तर मागचा बांध दिसत नाही. वारा पडला तरी खालची पाचट वाजत राहते. कधी उंदीर, कधी घोरपड, कधी नुसतंच गळलेलं पान. आवाज येतो आणि दिसत काहीच नाही. भयपटाला याहून जास्त काय लागतं?

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७चा. उसाच्या मधोमध एक घर, तिथं येऊन राहिलेली गरोदर बाई, आणि त्या घरातली दुसरी बाई. पूजा सावंत आणि उषा नाईक. दिवसाढवळ्या, उन्हातसुद्धा हा ऊस भीती घालतो. याच दिग्दर्शकानं तो २०२१मध्ये हिंदीत 'छोरी' म्हणून पुन्हा केला. दोन्ही मिळत असतील तर मराठी आधी बघा. उषा नाईक यांच्या बोलण्यातला गोडवाच अंगावर येतो, आणि तो या भाषेतच नीट कळतो. एक गोष्ट मात्र सुचवतानाच सांगायला हवी : घरात कुणी पोटुशी असेल तर तिला हा आत्ता दाखवू नका.

भयपटाचं नाव सांगणं सोपं असतं. तो कुणी, कुठं आणि कसा बघायचा हे सांगितलं नाही तर शिफारस अर्धीच राहते. म्हणून ही चित्रफीत.

(दृश्य : वडगाव, गल्ली, मागांचा आवाज)

बेळगावातलं वडगाव विणकरांचं. इथल्या एका माडीवर काही जण जमून भयपट बघतात. शेजारचे माग चालू आहेत तोवर इथं चित्रपट सुरू होत नाही. तोवर माडीवर पडदा लागतो.

पडदा म्हणजे मांजरपाट, सात फूट रुंद. खालच्या काठाला नेफा शिवून त्यात लोखंडी पाइप घातलाय, म्हणजे कापड ताठ लोंबतं. इस्त्री केल्याशिवाय टांगायचं नाही. एक चुणी राहिली तर ती प्रत्येक चेहऱ्यावरून आडवी जाते आणि बघणाऱ्याचं लक्ष भुताऐवजी चुणीकडे. मांजरपाट विरळ असतो, उजेड आरपार जातो, म्हणून मागं काळं कापड. प्रोजेक्टर नऊ फुटांवर, चित्र सहा फूट रुंद. साध्या प्रोजेक्टरला अंतर साधारण रुंदीच्या दीडपट लागतं. जागा कमी असेल तर चित्र लहान करा. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र ताणलं की कडा अस्पष्ट होतात, आणि भयपटात बघण्यासारखं बरंचसं कडेलाच असतं.

आता खिडक्या. गोणपाट चालत नाही, त्यातून रस्त्यावरचा दिवा झिरपतो. काळी ताडपत्री लागते. इतका आटापिटा का? प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. उजेड पडला नाही तिथं कापडाचा जो रंग उरतो, तोच पडद्यावरचा काळा. खोलीत ट्यूबलाइट असेल तर अंधारातलं भूतसुद्धा राखाडी दिसतं. इन्व्हर्टरचा लाल दिवा, सेट-टॉप बॉक्सचे आकडे, सगळ्यांवर काळी चिकटपट्टी. देव्हाऱ्यातली समई मात्र कुणी विझवत नाही, समोरचा पडदा ओढून घेतात.

टीव्हीवर बघणाऱ्यांनी दोन गोष्टी बंद कराव्यात. एक, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. दुसरी, खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी चमक. खोलीत जरा उजेड आला की ऐन वेळी टीव्ही स्वतःच उजळतो आणि दाराआड काय आहे ते दोन सेकंद आधी कळतं.

(दृश्य : दोन स्पीकर, वायरी, रिमोट)

स्पीकर दोन, पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. कपाटावर ठेवले तर भूत छतातून बोलतं. मोबाइलच्या स्पीकरवर भयपट बघू नका असं कळकळीनं सांगतो, त्याला कारण आहे. पोटात खड्डा पडतो तो चाळीस-साठ हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजानं, आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो निघतच नाही. भीतीचा अर्धा भाग गाळून उरलेलं तुम्ही बघता, मग म्हणता, काही विशेष नव्हतं.

नेहमीची तक्रार : बोलणं ऐकू येत नाही आणि किंकाळी कान फाडते. सहा वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरवर कोंबला की असं होतं, कारण संवाद मधल्या वाहिनीत असतात आणि तो स्पीकर आपल्याकडे नसतो. आवाजाच्या पर्यायांत स्टिरिओ असेल तर तो निवडा. मग पहिल्या शांत प्रसंगात, कुजबूज कळेल इतका आवाज लावा आणि हात काढून घ्या. दर दचक्याला आवाज कमी करणारा माणूस प्रत्येक गटात असतोच. आमच्या चित्रणातही तो आहे, आणि मागून ओरडही आहे : "मामा, रिमोट खाली ठेवा की!"

सबटायटल्स निवडताना कर्णबधिरांसाठीची निवडली जाणार नाहीत एवढं बघा. त्यांची गरज वेगळी आहे. त्यात 'मागून पावलांचा आवाज' असं आधीच लिहून येतं, आणि पाऊल ऐकू येण्यापूर्वी सगळी खोली मागं वळते. डब केलेल्यापेक्षा मूळ भाषा बरी. डबिंगमध्ये श्वास पुन्हा रेकॉर्ड होतात, आणि भयपटात श्वास हा संवादच आहे.

(दृश्य : जुनं लाकडी दार, खडूची अक्षरं)

नाळे बा. कन्नडात 'उद्या ये'. रात्री दार ठोठावणाऱ्या भुतिणीला परतवण्यासाठी दारावर लिहायचे शब्द. ही अक्षरं आम्ही चित्रीकरणासाठी लिहून घेतली आहेत, पण कर्नाटकात ही गोष्ट न ऐकलेला माणूस विरळा. २०१८च्या हिंदी 'स्त्री'मध्ये हीच कल्पना मध्य प्रदेशातल्या चंदेरीला गेली आणि 'कल आना' झाली. भयपटाची सवय नसलेल्या घराला पहिला हाच सुचवावा. हसता हसता भीती पचते.

सीमेवरच्या प्रेक्षकाला दोन भाषा येतात, त्याचा फायदा घ्यायला हवा. कन्नडचा '६-५=२', २०१३चा, ट्रेकला गेलेल्या मित्रांचा. हातातल्या कॅमेऱ्यानं टिपल्यासारखा आहे, त्यामुळे मोठ्या पडद्याजवळ बसलात तर मळमळतं. हा लॅपटॉपवर, चांगले हेडफोन लावून बघा. खानापूरच्या रानात भटकणाऱ्यांनी भटकून आल्यावर बघावा, जायच्या आधी नको.

(दृश्य : वही, पेन, बॅटरीचा उजेड)

ही वही बघा. चित्रपट संपल्यावर दहा मिनिटांच्या आत प्रत्येकानं लिहायचं : कुठल्या मिनिटाला मान वळवली, आणि ती कशानं. दचका, दडपण, की किळस. तारे द्यायचे नाहीत. पाचपैकी साडेतीन यातून पुढच्याला काय कळणार? दचका हवा असलेल्याला दडपणाचा चित्रपट दिला तर तो तासाभरात झोपतो, आणि चित्रपट वाईट ठरतो. दडपण आवडणाऱ्यांसाठी या वहीत एक जोडी आहे : राम गोपाल वर्मांचा १९९२चा 'रात' आणि २०२२चा मल्याळम 'भूतकालम'. दोन्हींत रेवती. आधी पछाडलेली मुलगी, तीस वर्षांनी खचत चाललेली आई. लागोपाठ दोन रात्री बघा.

जपानी 'रिंगू', १९९८चा. हा प्रोजेक्टरवर नको, टीव्हीवरच बघा. का ते शेवटाकडे कळेल.

आणि 'तुंबाड', २०१८चा. कंदिलाच्या उजेडातली दृश्यं, काळपट लाल, ओली. इंटरनेट मंद असेल तर या अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात, कारण चित्र दाबताना सर्वांत आधी काळ्या भागातले बारकावे टाकले जातात. आधी डाउनलोड करा, सर्वांत वरच्या दर्जाचा. पावसाळ्यात बघायचा मोह होतो, पण पत्र्याचं छप्पर असेल तर पाऊस संवाद खाऊन टाकतो. खानापुरी कौलांखाली चालेल. कणकेची बाहुली समोर येते तेव्हा कुणाशी बोलू नका. आपल्या स्वयंपाकघरातल्या परातीतली वस्तू इतकी भयाण होऊ शकते, हे गप्प राहूनच बघायचं.

लहान मुलं चार-चार रात्री झोपत नाहीत असंही होतं, म्हणून बारा वर्षांखालच्यांना आधी घरी पाठवतात.

(दृश्य : माडी, माणसं बसताहेत)

माग थांबले. आज 'लपाछपी'. पहिल्या रांगेतला मुलगा काकतीचा, शेतकऱ्याचा. चित्रपट संपला की त्याला मोटारसायकलवरून परत जायचंय. शेताची थ्री-फेज वीज रात्री दोनला येते, आणि मोटरची पेटी उसाच्या पलीकडे आहे.

(ट्यूबलाइट बंद होते.)