प्रश्न विचारून झाल्यावर

(दृश्य: ठाणे-वाशी लोकल ऐरोली स्टेशनातून सुटते. शाळेचा जिना, भिंतीला टेकवलेल्या छत्र्या आणि दप्तरं. सातवीचा वर्ग, भूगोलाचा तास.)

"भरती म्हणजे काय?"

"समुद्राच्या पाण्याची पातळी वाढणे म्हणजे भरती!"

"आणि ओहोटी?"

"पातळी कमी होणे म्हणजे ओहोटी!"

"समजलं?"

"होऽऽ बाई!"

निवेदन:

हा 'होऽऽ' आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेला आहे. भरलेल्या वर्गाने एका सुरात दिलेल्या या होकारातून बाईंना एवढंच कळतं, की वर्ग जागा आहे. कुणाला काय कळलं नाही, ते कळायला यात वाव नाही. 'नाही' म्हणायचं तर एकट्याने म्हणावं लागतं. 'हो' म्हणायला सगळी सोबत असते.

तासाची पहिली पाच मिनिटं अशीच जातात. उजळणी. तिच्यावर नाक मुरडायचं कारण नाही. पाढे, राजधान्या, व्याख्या हे सगळं तोंडावर असावंच लागतं, आणि ते आहे की नाही हे असंच तपासतात. आम्ही कॅमेरा लावला आहे तो त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

(दृश्य: बाई फळा पुसतात. वर्गाकडे वळतात.)

"आपली ५२ नंबरची बस रोज ठरल्या वेळी सुटते. मग खाडीत फ्लेमिंगो बघायला जी बोट जाते, तिची वेळ रोज का बदलते?"

आणि बाई गप्प बसतात.

(आवाज: पंखा. बाहेर एक रिक्षा.)

एक. दोन. तीन. चार.

पडद्यावर हे चार सेकंद तुम्हाला लांबलेले वाटले असतील. वर्गात उभं राहून तर ते आणखी लांब वाटतात. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी तासांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकून हा वेळ मोजला. १९७४ साली त्यांनी जे मांडलं ते आजही शिक्षकांना दचकवतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारतात, बदलून विचारतात, दुसऱ्याला विचारतात, नाहीतर उत्तर स्वतःच देऊन टाकतात. मुलाने बोलणं संपवलं, की त्यावर शेरा मारायलाही साधारण तेवढाच वेळ घेतात.

हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा रो यांना दिसलं की मुलांची उत्तरं लांबली. 'माहीत नाही' कमी झालं. ज्यांना शिक्षकांनी मागे पडलेली म्हणून गृहीत धरलं होतं, ती मुलंही बोलू लागली. आणि मुलांनी स्वतः विचारलेले प्रश्न वाढले. यासाठी ना साहित्य लागलं, ना निधी. फक्त गप्प बसावं लागलं, आणि नेमकं तेच शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडे तर शांत वर्ग चालतो, पण शांत शिक्षक दिसला की हेडमास्तर खिडकीतून डोकावतात.

या बाईंनी त्यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. प्रश्न विचारला की त्या खिडकीपर्यंत चालत जातात आणि परत येतात. तोवर तोंड उघडायचं नाही.

(दृश्य: हात वर होतात. पुढच्या बाकांवरचे तेच चार-पाच हात, काही तर बाकावरून अर्धे उठलेले.)

बाई या हातांकडे बघतात, पण त्यातला एकही निवडत नाहीत. टेबलावर खडूचा रिकामा डबा आहे, त्यात हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी निघते. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव, हा क्रम त्या कधी मोडत नाहीत. नाव आधी घेतलं, तर बाकीचा वर्ग सुटकेचा श्वास सोडतो आणि उरलेला विचार त्या एकावर ढकलून मोकळा होतो. आपलं नाव कुठल्याही क्षणी निघू शकतं हे माहीत असलं, की प्रत्येकाला थोडं तरी डोकं चालवावं लागतं.

चिठ्ठी निघते ती खिडकीकडच्या मुलीची. ती उभी राहते. "गर्दी असेल तशी सोडत असतील."

बाई 'चूक' म्हणत नाहीत. 'शाब्बास' तर नाहीच. त्या विचारतात, "कशावरून?"

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या शाळांतून 'कशावरून' या शब्दाचा फार वाईट वापर झाला आहे. उत्तर चुकलं तरच तो कानावर येतो. मूल ताबडतोब ओळखतं की आपलं चुकलं, आणि उत्तर बदलतं. या वर्गात बरोबर उत्तरालाही 'कशावरून' विचारतात. त्यामुळे मुलांना बाईंच्या चेहऱ्यावरून काही ताडता येत नाही, आणि त्यांना आपल्याच उत्तराकडे परत वळावं लागतं. पटकन दिलेल्या 'शाब्बास'चंही तेच. ज्याला मिळतं तो खूश होतो, आणि इतर सगळ्यांचा विचार तिथेच मिटतो. बरोबर उत्तर सापडलं, आता कशाला डोकं लावायचं?

मुलगी विचार करते. "नाही... गर्दी तर फक्त रविवारी असते. वेळ तर रोज बदलते." स्वतःचं उत्तर तिने स्वतःच मागे घेतलं आहे. बाई फळ्यावर लिहितात: वेळ रोज बदलते, गर्दी नाही.

(दृश्य: ऐरोलीजवळची खाडी. कांदळवन, चिखल, लांबवर मुलुंडच्या इमारती. चिखलात चोच उलटी करून फिरणारे फ्लेमिंगो.)

शाळेपासून खाडी लांब नाही. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात फ्लेमिंगो चरतात. पाणी चढलं की त्यांचं ताट पाण्याखाली जातं आणि त्यांतले बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे सरकतात. बोटीचं उलट आहे. पाणी नसेल तर ती चिखलात रुतेल. पक्ष्यांना हवा चिखल आणि बोटीला हवं पाणी, आणि दोन्ही जमेल अशी वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते. यातलं काहीही बाईंनी अजून सांगितलेलं नाही.

(दृश्य: वर्ग. मागच्या बाकावरचा मुलगा. चिठ्ठी त्याची नाही, पण त्याला राहवत नाही.)

हा मुलगा दिवा कोळीवाड्यातला. त्याच्या घरी होडी आहे. तो सांगतो, आज पंचमी. भरती पावणेचारला. दोन वाजता गेलात तर पाणी चढतं असेल.

"कशावरून?"

"आजा सांगतो. तिथीची पाऊणपट करायची."

(दृश्य: बाई खडू त्याच्या हातात देतात.)

तो घरच्या बोलीत, आगरी-कोळी ढंगाने समजावतो आणि बाई त्याच्या भाषेला हात लावत नाहीत. वर्गात कितीतरी उत्तरं शुद्धलेखनाच्या धाकाने मेलेली आहेत. 'नीट बोल' म्हटलं की मूल बोलणं नीट करत नाही, बोलायचंच बंद करतं.

फळ्यावर हिशोब उतरतो. पंचमी म्हणजे पाच. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा आडाखा. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा अख्खा पाठ आहे, तोही हाच चंद्र घेऊन, पण पाठातला चंद्र आणि आजाची तिथी यांची आजवर गाठ पडलेली नव्हती.

आणि मग, मधल्या रांगेतून, कुणी न विचारता:

"बाई, पण पाऊणच का?"

(शांतता. या वेळी ती बाईंनी मुद्दाम पाळलेली नाही.)

मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत असं नाही. भरपूर विचारतात. "बाई, समास सोडायचा का?" "बाई, पेनने लिहू की पेन्सिलने?" "नवीन पानावर?" हे सगळे परवानगीचे प्रश्न. 'पाऊणच का' हा वेगळ्या जातीचा आहे. तो बाईंनी पेरलेला नाही, पुस्तकात नाही, आणि तासाच्या नियोजनात तर मुळीच नाही.

नियोजनाचा विषय निघाला म्हणून. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची पायऱ्यांची मांडणी केली: आठवणं, समजणं, वापरणं, तिथून वर विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. डी.एड., बी.एड.च्या फायली तिने भरलेल्या असतात. 'काय'ने सुरू होणारा प्रश्न खालच्या पायरीचा आणि 'का'ने सुरू होणारा वरच्या पायरीचा, असा एक सोपा समज त्यातून पसरला आहे. तो खरा नाही. 'भरती-ओहोटी का होते?' हा आपल्याकडे 'कारणे द्या'मधला दोन गुणांचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर गाईडमध्ये तयार असतं, मूल ते पाठ करतं, पाठ म्हणून दाखवतं. 'का' विचारला, पण काम स्मरणाचंच झालं. न्यूयॉर्कमध्ये रोमिएट स्टीव्हन्स यांनी १९१२ साली पाहिलं होतं, की शिक्षक दिवसाला जवळजवळ ४०० प्रश्न विचारतात आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश पुस्तकातलं आठवून सांगण्याचे असतात. शंभरहून अधिक वर्षं झाली. गाईडं मात्र आणखी जाड झाली.

प्रश्नाची पायरी त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही. मुलाला उत्तर आधीच मिळालेलं आहे की त्याला ते जुळवावं लागणार आहे, यावरून ठरते.

(दृश्य: फळा. मुलं एकमेकांशी बोलताहेत. बाई शेवटच्या बाकावर बसलेल्या.)

'पाऊणच का'चं उत्तर जुळवायचं आहे. बाई दोनच गोष्टी देतात. अमावास्येला भरती साधारण बाराला. पौर्णिमेलाही साधारण बाराला. मधल्या तिथी किती?

"पंधरा!"

"या पंधरा तिथींत वेळ किती तास सरकली?"

इथे वर्ग अडतो. एकजण म्हणतो शून्य, कारण बाराचे बाराच. दुसरी म्हणते, बारा तास, कारण दुपारचे बारा जाऊन रात्रीचे बारा आले असणार. वाद होतो. बाई त्यात पडत नाहीत. शेवटी दुसरी जिंकते, कारण वेळ रोज पुढे जाते हे कोळीवाड्यातला मुलगा शपथेवर सांगतो. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं. भागिले पंधरा. तिथीमागे ४८ मिनिटं.

"पण पाऊण तास म्हणजे ४५."

"मग तीन मिनिटं कुठे गेली?"

आता प्रश्न कुणी विचारला हे आम्हालाही चित्रफितीवर सापडलं नाही, दोन-तीन आवाज एकदम आले. पाऊणने हिशोब केला तर पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, बाराला नाही. म्हणजे पक्ष संपता संपता आजाचा आडाखा पाऊण तासाने मागे पडतो. होडी काढायला तेवढं चालतं. ४८ने मनातल्या मनात गुणण्यापेक्षा पाऊणपट सोपी, हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही.

(आवाज: घंटा. कुणी उठत नाही, मग एकदम सगळे उठतात.)

हे रोज जमत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, भरलेला पट, मध्येच आलेलं परिपत्रक, आणि डोक्यावर पोर्शन. या तासात पाठाची दोन पानं वाचायची राहिली. बाईंचा हिशोब सरळ आहे: एका तासात असा प्रश्न एकच. बाकीचे साधे, भराभर, उजळणीचे. त्या एका प्रश्नासाठी मात्र त्या आदल्या दिवशी वेळ काढतात. बस आणि बोटीचा प्रश्न त्यांनी वहीत तीनदा लिहून खोडला होता. पहिला होता, 'भरतीच्या वेळेवर कोणते घटक परिणाम करतात?' तो विचारला असता, तर मागच्या बाकावरून आजा बाहेर आला नसता.

(दृश्य: वर्गाच्या भिंतीवरचा कागद, वर लिहिलेलं: 'उत्तर न मिळालेले प्रश्न'. मुलं नवीन ओळी लिहिताहेत.)

'आडाखा रत्नागिरीला चालेल का?'

'फ्लेमिंगोंना भरतीची वेळ कशी कळते?'

'वाशीला भरती आपल्या आधी येते का?'

शेवटच्या प्रश्नासमोर दोन नावं आणि एक तारीख आहे. एकजण वाशी पुलाखाली थांबणार आहे, दुसरा कोळीवाड्याच्या जेट्टीवर. दोघांनाही घरून फोन हवा आहे. एकाच्या आईने अजून हो म्हटलेलं नाही.