साइडवॉलवरचे आकडे

[दृश्य : सातारा, सकाळ. पोवई नाक्यापासून थोड्या अंतरावरचं टायरचं दुकान. शटर वर जातं. आतले टायर एकेक करून बाहेरच्या आकड्यांना अडकवले जातात.]

टायर बदलायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच वाक्यं बोलतं. पहिलं, "टायर गुळगुळीत झालाय." दुसरं जरा हळू आवाजात, "मागं थोडा जाडा बसंल का?"

बसतो. बसवणारा बसवूनही देतो. फक्त तो रिमवर कसा बसलाय हे दुकानातून निघताना कळत नाही. ते कळतं सज्जनगडाच्या चढावर नाहीतर यवतेश्वरच्या वळणावर. खरं तर ते अगोदरच कळायला हवं, कारण सगळं टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

[दृश्य : क्लोजअप. ओलं फडकं टायरच्या कडेवरून फिरतं. धुळीखालून अक्षरं उमटतात : ८०/१००-१८ ५४पी]

हा स्प्लेंडर प्लसचा मागचा टायर. ८० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० हा टक्का आहे. रुंदीच्या शंभर टक्के उंची, म्हणजे रिमपासून टायर ८० मिलिमीटर उठतो. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच असा तिहेरी कारभार आहे खरा, पण तो जगभर असाच चालतो. जुन्या गाड्यांवर नुसतंच २.७५-१८ किंवा ३.००-१८ लिहिलेलं सापडतं. तिथं रुंदीही इंचातच, आणि उंची साधारण रुंदीएवढीच धरायची.

शेवटचं ५४पी मात्र कोणी वाचत नाही. ५४ हा वजनाचा सांकेतिक आकडा. तो सांगतो की हा टायर २१२ किलो पेलेल. पी हे वेगाचं अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत.

[दृश्य : कॅमेरा त्याच गाडीच्या पुढच्या चाकावर. ८०/१००-१८ ४७पी]

आता त्याच गाडीचं पुढचं चाक. माप तेच, ८०/१००-१८. पण शेवटी ४७. म्हणजे १७५ किलो. एका मापाचे दोन टायर, आणि पेलायच्या वजनात ३७ किलोंचा फरक. "माप जुळतंय की" म्हणून पुढचा टायर मागे टाकला, वर दोघं बसले आणि दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवले, की त्याची कड दर फेऱ्याला जास्त दबते. दबलेलं रबर तापतं, आतले धागे सुटायला लागतात आणि एक दिवस कडेला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. म्हणून कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त चालेल, कमी चालणार नाही. वेगाच्या अक्षराचंही तसंच.

आणखी दोन खुणा बघून घ्यायच्या. एक, आयएसआयचा शिक्का, सोबत आयएस १५६२७. दुचाकी-तीनचाकीच्या टायरचं भारतीय मानक ते. दुसरी, लांबट चौकटीतले चार आकडे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर दुकानात अडकवून ठेवला तरी म्हातारा होतो. रबर कडक होतं, कडेला केसासारख्या भेगा पडतात. घासलेला नसला तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासावा, आणि दहा वर्षांच्या पुढे तर वापरूच नये. "सूट आहे, घेऊन टाका" असं कोणी म्हणालं, की पहिली नजर या चार आकड्यांवर जाऊ द्यावी.

[दृश्य : टायर काढलेलं मागचं रिम. आतल्या बाजूला बोट फिरतं. कोरलेलं दिसतं : १.८५ × १८]

आता जाड्या टायरकडे येऊ.

रिमवरचं हे १.८५ म्हणजे रिमची आतली रुंदी, इंचात. टायर कंपन्यांच्या तक्त्यात प्रत्येक मापासमोर तो किती रुंदीच्या रिमवर चालतो ते दिलेलं असतं. दुकानदाराकडे तो तक्ता असतो. मागितला तर दाखवतात, मागत मात्र कोणी नाही.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात. सपाट बसायचा तो टायर मधेच फुगून बल्बसारखा गोल होतो. म्हणजे विकत घेतला जास्त रुंद, आणि सरळ चालताना रस्त्याला टेकतो तो मधला पट्टाच. पट्टा लवकर झिजतो. गाडी वळणात आळशासारखी पडते आणि मग एकदम कलते. जे मिळवायला जाडा टायर घेतला, नेमकं तेच गेलं.

थोडी आकडेमोड करून बघू. ८०/१००-१८ चा पूर्ण व्यास काढायचा तर १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, त्यात वरची-खालची उंची ८० अधिक ८०. झाले ६१७. त्याच्या जागी ९०/९०-१८ घेतला तर ९० चे ९० टक्के ८१, म्हणजे ४५७ अधिक १६२, ६१९. दोनच मिलिमीटरचा फरक. रिम झेपत असेल आणि वजनाचा आकडा पुरत असेल तर ही बदली जमण्यासारखी आहे. आता १००/९०-१८ धरा. ६३७. वीस मिलिमीटर वाढले. म्हणजे टायर मडगार्डच्या दहा मिलिमीटर जवळ गेला, आणि एका फेऱ्यात गाडी तीन टक्के जास्त पुढे जाते. ऐकायला बरं वाटतं, पण तो गिअर उंच झाल्यासारखाच प्रकार आहे. जो चढ तिसऱ्यात निघायचा तिथं दुसरा टाकावा लागतो. पुढच्या चाकावरून मीटर चालणाऱ्या गाडीला पुढचा टायर मोठा टाकला, तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं.

[दृश्य : चेनकव्हरची आतली बाजू. रंग उडून पत्रा चकाकतोय, अर्धचंद्राच्या आकाराची खूण.]

ही खूण जाड्या टायरनं पाडलेली आहे. गाडी स्टँडवर असताना टायर आणि चेनकव्हरमध्ये बोट जात होतं. डबलसीट बसल्यावर चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर गेला आणि बोटाची जागा संपली. म्हणून मोकळी जागा रिकाम्या गाडीवर मोजून चालत नाही. दोघांना बसवून, शॉकअप दाबून मोजायची.

[दृश्य : यवतेश्वर घाट, पाऊस, धुकं. कट. माणच्या माळरानावरची पायवाट, ऊन.]

माप ठरलं की नक्षी. आणि नक्षीच्या बाबतीत सातारा जिल्हा म्हणजे दोन जिल्हे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दहिवडीला ५०० च्या आसपास. एकाच टायरनं दोन्हीकडे सारखं निभावत नाही.

कास, बामणोली, मेढ्याच्या बाजूला पावसाळ्यात डांबरावर पाण्याचा थर, सावलीतल्या वळणांवर शेवाळ आणि कच्चा रस्ता फुटतो तिथं लाल चिखल. इथं खोल आणि एकमेकींना जोडलेल्या खाचा हव्यात, चाकाखालचं पाणी बाहेर फेकणाऱ्या. मोठ्या बटणांचा टायर चिखलात छान वाटतो, पण ओल्या डांबरावर त्याचं रबरच कमी टेकतं. घाटात उतरताना ब्रेक मारला की तो सांगतो. चिखल आठवड्यातून एकदा आणि डांबर रोज असेल, तर बारीक बटणांचा, मध्ये सलग रबर असलेला टायर घ्यावा.

माण-खटावात पाणी नाही, काटा आहे. वेड्या बाभळीचा. तो ट्यूबमध्ये घुसला की हवा एका दमात जाते आणि मागचं चाक डोलायला लागतं. ट्यूबलेसमध्ये काटा रबरात रुतून बसतो, हवा हळू झिरपते आणि गावापर्यंत पोहोचता येतं. काटा मात्र रस्त्यात उपटायचा नाही, पंक्चरवाल्यासमोरच काढायचा. पंक्चरही फक्त मधल्या ट्रेडवरचंच, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावरचंच काढायचं. कडेवरचं काढून देणारा भेटला तर त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

आणि हिवाळ्यात ऊस. कराडपासून भुईंजपर्यंत कारखाने सुरू झाले की रस्त्यावर वाढे, पाचट आणि ट्रॉलीच्या चाकांबरोबर शेतातून आलेली काळी माती. तिच्यावर दव पडलं की साबण. कुठलीच नक्षी इथं पुरत नाही, वेग कमी करायचा.

[दृश्य : स्पोकचं रिम आणि अलॉय, शेजारी शेजारी.]

ट्यूबलेसची गोष्ट निघालीच आहे तर एक गैरसमज. टायरवर ट्यूबलेस लिहिलं म्हणून चाक ट्यूबलेस होत नाही. साध्या स्पोकच्या रिमला प्रत्येक स्पोकपाशी भोक असतं, तिथून हवा जाते. त्यावर ट्यूबलेस टायर बसवायचा तर आत ट्यूब घालावीच लागते, आणि मग पंक्चर झाल्यावर तो ट्यूबच्या टायरसारखाच बसतो. पैसे जास्त, फायदा शून्य.

[दृश्य : गाडी बाजूनं. पुढचं चाक, मागचं चाक. दोन्ही एका चौकटीत.]

मागचा टायर पुढच्याच्या आधी संपतो. ताकदही त्याच्यावर, वजनही त्याच्यावर. म्हणून लोक मागचा बदलतात आणि पुढचा तसाच ठेवतात. दोन्ही एकाच वेळी बदलायलाच हवेत असं नाही, पण जोडी जमायला हवी. टायरवर मापाच्या मध्ये आर हे अक्षर असेल, १४०/७० आर १७ असं, तर तो रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले. नसेल तर बहुधा क्रॉसप्लाय, धागे एकमेकांवर तिरपे. दोघांच्या कडा वेगवेगळ्या तऱ्हेनं लवतात. गाडीच्या कंपनीनंच तशी जोडी दिली नसेल, तर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय हा संसार मांडू नये. आणि पुढचा सात वर्षांचा कडक झालेला, मागचा कोरा करकरीत, ही जोडी त्याहून वाईट. ब्रेकचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की गाडी खालीच.

टायर कधी संपला? खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. ते शोधायला कडेवर टीडब्ल्यूआय किंवा बारीक त्रिकोण असतो. ट्रेड उंचवट्याला टेकला की खोली उरली ०.८ मिलिमीटर. दुचाकीला कायद्याची मर्यादा तीच. पण पावसाळ्याच्या तोंडावर दीड-दोन मिलिमीटर उरलेला टायर घेऊन घाटात जाऊ नये.

[दृश्य : जुना पुढचा टायर. तळहात ट्रेडवरून फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो.]

टाकून देण्याआधी जुन्या टायरवर हात फिरवा. मधोमध सपाट झिजलेला मागचा टायर पुणे-बंगळूर महामार्गावर सरळ पळालेला असतो, किंवा हवा जास्त भरलेला. पुढच्या टायरला हाताला लाटा लागल्या, उंच-खोल, उंच-खोल, तर दोष टायरचा नसतो. पुढचा शॉकअप मेला असेल, चाकाचं बेअरिंग हलत असेल किंवा हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, सैल असेल. ते न बघता नवा टायर टाकला, तर तोही तशाच लाटांनी झिजेल.

[दृश्य : टायर उतरवणं. लिव्हर, साबणाचं पाणी, ब्रश.]

बसवताना आधी व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. रिमची कड ब्रशनं घासून गंज आणि जुनं चिकटलेलं रबर काढायचं, कारण ट्यूबलेसची हवा त्याच जागी अडते. ट्यूबलेसला रबरी व्हॉल्व नवा घालायचा. स्पोकच्या रिमला आतली पट्टी सरकलेली किंवा फाटलेली असेल तर बदलायची, नाहीतर स्पोकचं टोक ट्यूबला आतून खातं. नव्या टायरला ट्यूबही नवीच, टायरच्याच मापाची. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

कडेवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेनं. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्वपाशी, टायरची ती हलकी बाजू. कड चढत नसेल तर जोर लावू नये. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगटात ढकलली की इकडची आपोआप सैल पडते. लिव्हरनं ओरबाडून चढवलेल्या टायरची कड फाटते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

[दृश्य : क्लोजअप. हवा भरताना "टक" असा आवाज, मग दुसरा. रिमलगतची बारीक रेष.]

ही रेष बघा. रिमच्या कडेला समांतर, टायरवर गोल फिरणारी. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, आणि गाडी साठच्या वेगाला उड्या मारेल. हवा सोडायची, साबणाचं पाणी लावायचं, पुन्हा भरायची. कडेवर छापलेल्या दाबाच्या वर जाऊन नाही.

मग हवा गाडीच्या स्टिकरप्रमाणे. बऱ्याच कम्युटर गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ किंवा त्याहून जास्त. पण आपल्या गाडीचा आकडा चेनकव्हरवरचाच धरायचा, आणि टायर गार असताना. चाक चढवल्यावर चेनचा सैलपणा, दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का, एक्सलचा नट, आणि ड्रमब्रेकची गाडी असेल तर ब्रेकप्लेटला फिरू न देणाऱ्या टॉर्क रॉडचा नट आणि त्याची स्प्लिट पिन. ही पिन विसरली आणि नट सुटला, तर ब्रेक मारल्यावर सगळी ब्रेकप्लेट फिरते.

[दृश्य : नवा टायर. उन्हात चकाकणारं रबर, वर रबराचे केस.]

नव्या टायरचं तोंड गुळगुळीत असतं. पहिले दीडशे किलोमीटर सावकाश, एकदम न कलंडता. आठवड्यानं हवा पुन्हा मोजायची. चार-पाच पीएसआय उतरली असेल तर व्हॉल्ववर आणि रिमच्या कडेनं साबणाचं पाणी सोडायचं आणि बुडबुडा कुठं येतो ते बघायचं.