रीळ फिरत होतं तेव्हा

(पडद्यावर काळोख. टेपची बारीक खरखर. मग टाळ्या.)

या टाळ्या २९ नोव्हेंबर १९५७ च्या आहेत. जागा, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. एका समाजकेंद्राच्या मदतीसाठी त्या रात्री जाझची मैफल ठेवली होती. बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, सॉनी रोलिन्स अशी एकाहून एक नावं त्या रात्री होती. त्यातच चौघांचा एक संच मंचावर आला. पियानोवर थेलोनियस मंक, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, बेसवर अहमद अब्दुल-मलिक आणि ड्रम्सवर शॅडो विल्सन.

व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओ सेवेनं ती मैफल ध्वनिमुद्रित केली. रिळं खोक्यांत गेली, खोकी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयात गेली आणि तिथं ती ४७ वर्षं पडून राहिली.

(पडद्यावर: ग्रंथालयातले लोखंडी कप्पे, त्यांत एकसारखी खोकी.)

२००५ च्या सुरुवातीला लॅरी ॲपलबॉम हे तिथले ध्वनितज्ज्ञ जुन्या टेप डिजिटल करत होते. त्यांच्या हाती या मैफलीची खोकी आली. एका खोक्यावर हातानं लिहिलं होतं, ‘टी. मंक’. टेप लावल्यावर आधी मंकचा पियानो ऐकू आला. मग सॅक्सोफोन आला, आणि तो कोणाचा आहे हे ओळखायला वेळ लागला नाही.

या शोधाचं एवढं मोल का, ते समजून घ्यायला हवं. १९५१ मध्ये मंकचं कॅबरे कार्ड काढून घेतलं होतं. हा पोलिसांचा परवाना. तो नसेल तर न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता येत नसे. अनेक वर्षांनी परवाना मिळाला आणि १९५७ च्या उन्हाळ्यात मंक फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबात वाजवू लागला. त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचातून बाहेर पडलेला, हेरॉइनचं व्यसन सोडून आलेला कोल्ट्रेन त्याच्या जोडीला आला. रात्रीमागून रात्री दोघं एकत्र वाजवत होते. पण दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी होते, त्यामुळे या जोडीचं ध्वनिमुद्रण फारसं झालंच नाही. स्टुडिओतल्या मोजक्या रचना, आणि कोल्ट्रेनची पत्नी नाइमा हिनं क्लबात घरगुती टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेलं, १९९३ मध्ये निघालेलं एक धूसर मुद्रण, एवढाच ऐवज हाती होता. त्या महिन्यांबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली, पण ऐकायला जवळजवळ काही नव्हतं.

आणि मग ही सुमारे ५० मिनिटं मिळाली, तीही स्वच्छ. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीनं २००५ मध्येच ती प्रकाशित केली. ‘मंक्स मूड’ पासून ऐकायला सुरुवात करा. मंक एक स्वर ठेवतो आणि थांबतो. त्या मोकळ्या जागेत कोल्ट्रेन स्वरांचे झोतच्या झोत सोडतो. एकाकडे शब्द मोजके, दुसऱ्याकडे अपार, तरी एकाही क्षणी कोणी कोणाला अडवत नाही. कोल्ट्रेनचा पुढचा सगळा प्रवास ठाऊक असलेल्यानं हे ऐकलं तर पायाचा एखादा चिरा सापडल्यासारखं वाटतं.

जाझमधली बरीचशी निर्मिती अशी असते. ती त्या रात्री होते आणि तिथंच संपते. उद्या तीच धून, तेच वादक, पण वाजणार दुसरंच काही. म्हणून जिवंत मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला इथं मोल आहे. त्या रात्री रीळ फिरत होतं का, माइक कुठं होता, नंतर ते खोकं कोणी जपलं, यावर कितीतरी अवलंबून असतं. आणि जुनी रेकॉर्ड पुन्हा काढणं, ज्याला रीइश्यू म्हणतात, ते माझ्या लेखी नव्या वेष्टनाचं काम नाही. ते त्या टेपला पुन्हा एकदा विचारणं आहे की, त्या रात्री नेमकं काय झालं?

(पडद्यावर: खुलं मैदान, रात्रीचे दिवे, पंधरा-सोळा वादकांचा वाद्यवृंद.)

हा प्रश्न सगळ्यात चुरशीनं विचारावा लागला तो संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या बाबतीत.

७ जुलै १९५६, न्यूपोर्ट जाझ महोत्सव. एलिंग्टन ५७ वर्षांचा. मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस सरले, असं सगळीकडे बोललं जात होतं. त्याचा मुख्य कार्यक्रम सुरू व्हायलाच जवळजवळ मध्यरात्र झाली. त्यानं १९३७ मधली स्वतःची एक जोडरचना काढली, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. दोन भागांच्या मधली जागा त्यानं टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिसला मोकळी सोडली.

गोन्साल्व्हिसनं ब्लूजची, म्हणजे बारा मापांच्या एका साच्याची, २७ आवर्तनं वाजवली. सलग.

पाचव्या-सहाव्या आवर्तनापर्यंत श्रोते ऐकत होते. मग काळ्या पोशाखातली एक स्त्री उठून नाचू लागली आणि मैदान पेटलं. मंचाच्या कडेला थोर ड्रमवादक जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं ठेका धरून बसला होता. त्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन होता आणि या मैफलीची रेकॉर्ड त्याच्या आयुष्यातली सर्वाधिक खपाची ठरली.

पण ती रेकॉर्ड त्या रात्रीची पूर्ण साक्ष नव्हतीच. मंचावर माइक होते दोन संस्थांचे, कोलंबिया कंपनीचे आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाचे. गोन्साल्व्हिस वाजवायला उभा राहिला तो चुकून रेडिओच्या माइकसमोर. कोलंबियाच्या टेपवर तो लांबून, दुसऱ्या खोलीतून वाजवल्यासारखा उमटला. शिवाय बाकीच्या कार्यक्रमातला पुष्कळ भाग कंपनीला पसंत पडला नाही. तेव्हा निर्माते जॉर्ज अवाकियन यांनी दोनच दिवसांत वाद्यवृंदाला स्टुडिओत नेलं, बऱ्याच रचना पुन्हा वाजवून घेतल्या आणि त्यांवर टाळ्या चढवल्या. जगानं चाळीसेक वर्षं ती रेकॉर्ड न्यूपोर्टची रात्र म्हणून ऐकली.

१९९६ मध्ये रेडिओच्या टेप सापडल्या. त्याही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच. जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी मग एक विलक्षण खटाटोप केला. एकाच क्षणाची दोन मुद्रणं हाती होती, दोन्ही मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची. एक त्यांनी डाव्या बाजूला ठेवलं, दुसरं उजव्या बाजूला. दोन स्वतंत्र यंत्रांवरची रिळं एकमेकांशी तंतोतंत जुळवायची म्हणजे वेगातला बारीक फरकही सोसत नाही. त्यातून १९९९ मध्ये ती मैफल पहिल्यांदा स्टिरिओत निघाली. गोन्साल्व्हिस आता समोर उभा आहे. त्याचा श्वास कुठं पडतो ते कळतं. तेराव्या-चौदाव्या आवर्तनानंतर गर्दीचा आवाज बदलतो, तो मैदानाच्या कोणत्या बाजूनं चढत येतो तेही कळतं.

जुनी रेकॉर्ड खोटी म्हणून टाकून द्यावी, असं मी म्हणणार नाही. स्टुडिओतलं वादन घोटीव आहे आणि तेही त्याच वाद्यवृंदाचं आहे. पण एकच ऐकायची असेल तर १९९९ ची ऐका, आणि ती २७ आवर्तनं मधे न थांबता ऐका.

(पडद्यावर: फिरती तबकडी. सुई खाली येते.)

रीइश्यूनं सूरच दुरुस्त केल्याचंही उदाहरण आहे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जाझमधली बहुधा सर्वात जास्त ऐकली गेलेली रेकॉर्ड. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेप यंत्र थोडं मंद चाललं होतं. मंद भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात आणि जरा घाईत निघाल्या. वर्षानुवर्षं वादक त्या रेकॉर्डसोबत रियाज करायला बसत आणि सूर जुळत नसे. १९९२ मध्ये त्या दिवशीची दुसऱ्या, बरोबर वेगाच्या यंत्रावरची जादाची टेप वापरली गेली तेव्हा हा दोष गेला. ‘सो व्हॉट’ च्या दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग लावून पाहा. नव्या आवृत्तीत बेसला टेकायला जागा मिळाल्यासारखी वाटते.

सगळे रीइश्यू इतके प्रामाणिक नसतात. टेपची खरखर काढायच्या नादात झांजांची झळाळीही जाते, कारण दोन्ही वरच्याच पट्टीत राहतात. काही आवृत्त्यांत आवाज इतका फुगवलेला असतो की हळुवार आणि जोरकस यांतला फरकच मरतो. आणि मला सगळ्यात खुपतं ते हे, की एका रचनेच्या मागोमाग तिचेच तीन नाकारलेले प्रयत्न. अभ्यासाला ते हवेतच, पण शेवटी. आधी रेकॉर्ड तिच्या मूळ क्रमानं वाजू द्या.

एक वेगळाच माणूस इथं आठवतो. डीन बेनेडेटी, स्वतः सॅक्सोफोनवादक. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवत असताना तो मुद्रणयंत्र घेऊन बसे. तबकड्या महाग, जागा थोडी. म्हणून तो फक्त पार्करचं वादन भरून घेई. पार्कर थांबला की यंत्र बंद. १९९० मध्ये मोझेक या लेबलनं ते सगळं सात सीडींच्या संचात काढलं. ऐकायला फार कठीण. धून अर्ध्यावर सुरू होते, अर्ध्यावर तुटते, तबकडी ओरखडते. पण त्या तुकड्यांतून पार्कर रोज रात्री तेच गाणं कसं नव्यानं मांडत होता, ते असं दुसरीकडे सापडणार नाही.

(पडद्यावर: छताला टांगलेला एकच माइक.)

२०२३ मध्ये निघालेली ‘इव्हिनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ तुलनेनं ताजी. ऑगस्ट १९६१, कोल्ट्रेनसोबत एरिक डॉल्फी. ध्वनितज्ज्ञ रिचर्ड ऑल्डरसन क्लबची नवी ध्वनियंत्रणा तपासत होते. मंचावर टांगलेल्या एकाच माइकवर त्यांनी हे भरून ठेवलं. टेप हरवली आणि पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात मिळाली. तक्रार करायला जागा आहे. एल्विन जोन्सचे ड्रम्स सगळ्यांवर चढतात, मॅकॉय टायनरचा पियानो मागे जातो. पण डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट त्या गदारोळातून वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे तीन वर्षांच्या आत, १९६४ च्या जूनमध्ये, डॉल्फी बर्लिनमध्ये गेला. वय ३६. त्याची अशी प्रत्येक मिळालेली रात्र मला अनमोल वाटते.

माइल्सच्या शिकागोमधल्या ‘प्लग्ड निकल’ क्लबच्या डिसेंबर १९६५ च्या दोन रात्री १९९५ मध्ये संपूर्ण निघाल्या. आठ सीडी. रोजच्या धून पाच वादकांनी इतक्या मोडल्या आहेत की ओळखू येत नाहीत. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. एक सेट, म्हणजे विश्रांतीपर्यंतचं सलग वादन, घ्या, दुसरा पुढच्या आठवड्यात.

(पडद्यावर: तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या.)

आता व्हिलेज व्हॅनगार्ड. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवरचं हे तळघर, निमुळतं, पाचरीच्या आकाराचं. रविवार, २५ जून १९६१. पियानोवर बिल इव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन, संध्याकाळी तीन असे पाच सेट झाले. निर्माते ऑरिन कीपन्यूज तिथंच होते.

लाफारो साथ करत नाही, तो बोलतो. पियानोनं वाक्य सुरू करावं, बेसनं ते मधेच उचलावं, मोशननं ब्रशनं त्याला फक्त हात लावावा. तिघांत पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेलंच नाही.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता. पहिली रेकॉर्ड निघाली ती त्याला समोर ठेवून निवडलेली. सुरुवात त्याच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ नं, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ नं. उरलेल्यातून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ झाली. दोन्ही रेकॉर्ड अप्रतिम आहेत. पण त्या वेचलेल्या आहेत.

२००५ मध्ये तीन सीडींवर तो दिवस घडला त्या क्रमानं आला. अगदी पहिल्या रचनेत वीज दगा देते आणि मुद्रण मधेच तुटतं. तेही त्यात ठेवलं आहे. पेल्यांची किणकिण आहे, कोणीतरी मोठ्यानं हसतं, टाळ्या तुरळक पडतात. आपल्या शेजारी काय चाललंय याची त्या टेबलांना कल्पना नव्हती. दुपारचे सेट ऐका, मग थोडं थांबा, त्यांनीही विश्रांती घेतली होती. मग संध्याकाळचे ऐका.

तिसऱ्या सीडीच्या शेवटी ‘जेड व्हिजन्स’ दोनदा येतं. लाफारो खालच्या स्वरांवर हळूहळू चालतो, इव्हान्स त्यावर जेमतेम रंग टाकतो. दुसऱ्यांदा वाजवून झाल्यावर टाळ्या पडतात. त्यानंतर आणखी काही बार, म्हणजे तालाची काही मापं, निरोपाची.

(संगीत. पुढे निवेदन नाही. शेवटचे बार पूर्ण वाजू द्यावेत.)