सॉकेटचं वरचं जाडं भोक

(दृश्य: मालवणजवळचं चिऱ्याचं घर. पाऊस. स्वयंपाकघरात फ्रीज, त्याच्यासमोर लाकडी पाट.)

हा पाट बसायला ठेवलेला नाहीये. आमच्या घरी फ्रीजला ओल्या हाताने हात लावला की झिणझिण्या यायच्या, पावसाळ्यात जास्तच, म्हणून आईने पाट टाकला आणि सगळ्यांना ताकीद दिली की पाटावर उभं राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. दोन वर्षं आम्ही असंच काढली. आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

(दृश्य: बोर्ड उघडला जातो.)

घराचं वायरिंग तसं नवीनच होतं. पूर्वी लोखंडी बॉक्स होते, पण खारी हवा त्यांना चार-पाच वर्षांत खाऊन टाकते, स्क्रू गंजून डोकी तुटतात, त्यामुळे किनाऱ्यावर आता सगळीकडे पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकचे बॉक्स, आणि ते बरोबरच आहे. पण बोर्ड उघडला तर आत लाल वायर, काळी वायर, बस्स. तीन पिनच्या सॉकेटचं वरचं जाडं भोक, जिथे अर्थिंगची म्हणजे करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर जोडतात, ते मागून रिकामं. वायरमनदादाला विचारलं तर तो अगदी सहज म्हणाला, "प्लास्टिकाक अर्थिंग कित्याक?"

त्याचं अर्धं बरोबर आहे, आणि घोळ तिथेच होतो. प्लास्टिकच्या बॉक्समधून करंट जात नाही, म्हणून बॉक्सला अर्थिंग नको, हे खरंच. पण हिरवी वायर बॉक्ससाठी नसतेच हो, ती बोर्डाला जे लावणार त्याच्यासाठी असते. फ्रीजचा पत्रा, मिक्सरची मोटर, गिझरची टाकी, पंख्याचा रॉड, विहिरीवरचा पंप, ही सगळी धातूची अंगं आहेत. आतली फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी वायर, कुठे घासून अंगाला टेकली तर त्या करंटला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर वाट आपण होतो.

उलट प्लास्टिकमुळे ही वायर जास्त गरजेची झालीय. जुन्या लोखंडी पाइपात अर्थिंग पाइपातूनच पुढे जायचं, भरवशाचं नसेल पण जायचं. पीव्हीसीमधून काहीच जात नाही. म्हणून मीटरपासून प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर वेगळी ओढायची, फेजएवढ्याच जाडीची. आणि अर्धवट दुरुस्ती केलेल्या घरात, म्हणजे पाइप नवा प्लास्टिकचा पण भिंतीत जुना लोखंडी बॉक्स तसाच, तिथे त्या बॉक्सलाही स्क्रूने वायर जोडायलाच हवी, कारण आता तो बॉक्स एकटा पडलाय.

(दृश्य: दोन वायरी आणि एक छोटा तुकडा, कनेक्टरमध्ये.)

हिरवी वायर एका सॉकेटच्या स्क्रूतून दुसऱ्या सॉकेटात नेऊ नका. एक सॉकेट बदलायला काढलं की पुढच्या सगळ्यांचं अर्थिंग गेलं. आलेली, पुढे जाणारी आणि सॉकेटसाठीचा छोटा तुकडा, तिन्ही कनेक्टरमध्ये आवळा.

आणि एक शॉर्टकट आहे तो मात्र कधीच नको, सॉकेटातच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी काळी वायर, आणि अर्थ जोडून टाकायचा. वरकरणी सगळं छान चालतं. पण वाऱ्यात माडाची झावळी पडली आणि घराकडे येणारी न्यूट्रल तुटली तर चालू बल्बमधून २३० व्होल्ट फिरून फ्रीजच्या दारावर येतात.

(दृश्य: अंगणातला अर्थिंगचा खड्डा.)

हिरवी वायर शेवटी या खड्ड्यातून जमिनीत जाते, पण खड्डा खोदला म्हणजे झालं असं पण नाही. आपल्याकडे कातळ, जांभा, पावसात चिंब आणि मे महिन्यात कोरडा ठणठणीत. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० ओहम आला, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, हलणार पण नाही! म्हणून ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट जरी बाहेर गळला तरी लाइन तोडणारा स्विच, लागतोच. हिरवी वायर असेल तर दोष आला त्याच क्षणी तो पडतो, नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो.

मोबाइलचा चार्जर, प्लास्टिकचे एलईडी दिवे, ज्यांच्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, त्यांचं इन्सुलेशनच दुहेरी, त्यांना अर्थ नको.

आमच्याकडे त्याच दादाने नंतर सगळी हिरवी वायर ओढली, पाइप रुंद होते म्हणून भिंत फोडावी लागली नाही. पाट देवघरात गेला. आणि मे महिन्यात आई संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली कळशी खड्ड्यात ओतते.